व्हिसाआधीचा फेटा

आमच्या पेठेचं एखाद्यावर प्रेम बसलं की त्याची खैर नसते. हे मी रागाने लिहिते आहे. राग शांत झाल्यावर लिही, असं घरातून सुचवण्यात आलं होतं, पण त्या हिशेबाने बसले असते तर हा कागद कोराच राहिला असता.

मी मूळची जयसिंगपूरची. लग्न होऊन कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आले आणि तेव्हा कळलं की या घरात देवघरानंतर मान कुणाचा असेल तर तो फुटबॉलचा. इथले फुटबॉल संघ तालमींचेच असतात, आणि माझे धाकटे दीर आमच्या तालमीच्या संघाचं सगळं बघतात. सगळं म्हणजे किट, सराव, भांडणं, वर्गणी आणि फ्लेक्स. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे पेठेत कुणाला इंग्रजीत काही आलं की ते फिरून फिरून माझ्या दारात येतं. मेडिक्लेम नाकारल्याच्या पत्रापासून कुत्र्याच्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मी वाचून दाखवलेलं आहे. तसाच तोही आला.

तो घानाचा. गेली काही वर्षं इथले संघ परदेशी खेळाडू आणतात, आणि तो येण्याआधीच त्याच्या खेळाचे व्हिडिओ पेठेतल्या प्रत्येक मोबाईलवर फिरले होते. तिकडे तो एका शाळेत खेळाचा शिक्षक होता, क्लबकडून खेळायचा, आणि लहान मुलांना शिकवायचं रीतसर प्रशिक्षणही त्याने घेतलं होतं. एका एजंटाने त्याला सांगितलं, कोल्हापुरात मोठा व्यावसायिक क्लब आहे, तू टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेलास की कामाचा व्हिसा लगेच करून देतात. शाळेतून बिनपगारी रजा घेऊन बिचारा आला. स्टँडवर उतरला तेव्हा एजंटाचा फोन बंद होता. तो जो बंद झाला तो झालाच.

दीर त्याला घरी घेऊन आले. म्हणाले, ‘‘वहिनी, तुमाला इंग्रजी येतंय न्हवं, मग ह्याचं कामाच्या व्हिसाचं काय करायचं ते तेवढं बघा की.’’

जणू मी व्हिसा काढून फ्रिजमध्ये ठेवलेत.

आधी खोली शोधायची होती. चार घरं मी स्वतः फिरले. आम्ही फुटबॉलवेडे, आम्ही दिलदार, पाहुण्याला ताटावरून उठू देत नाही, असं सांगणाऱ्या माणसांनी दार अर्धं उघडून त्याच्याकडे बघितलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे ज्या गावात रांग लागते, त्या गावात एका घरमालकाने मला तोंड वर करून विचारलं, ‘‘मांसाहारी हाय काय ओ तो?’’ त्याच मालकाने पुढे त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि तो स्टेटसला लावला. शेवटी आमच्याच वरच्या खोलीत त्याची सोय केली. परदेशी माणूस घरी राहिला की घरमालकाने पोलिसांना ऑनलाइन कळवायचं असतं, तेही मीच कळवलं.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायला लागलो. नियम वाचत गेलो तसा एजंटाचा एकेक शब्द खोटा निघत गेला. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला इथे बसल्या बसल्या कामाचा व्हिसा मिळत नाही. त्याने परत आपल्या देशात जायचं, तिथल्या भारतीय वकिलातीत अर्ज करायचा. सोबत इथल्या नोंदणीकृत संस्थेचा करार हवा, पगार किती आणि कोण देणार ते हवं, त्यावरचा कर कोण भरणार ते हवं, आणि या कामाला परदेशातलाच माणूस का पाहिजे याचं कारण हवं. खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना असा व्हिसा मिळू शकतो. अट एवढीच, की तोवर इथे त्याने मोबदला घेऊन काहीही करायचं नाही. एकदा का त्याच्या नावावर ‘व्हिसाची अट मोडली’ असा शेरा बसला, की पुढचा अर्ज वाचायची तसदीसुद्धा कुणी घेत नाही.

हे शेवटचं मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. त्याची गरज नव्हती. त्याचा एक मित्र दुसऱ्या एका देशातून असाच परत पाठवला गेला होता आणि मग कुठेच जाऊ शकला नव्हता. त्याने शांतपणे मान हलवली आणि विचारलं, ‘‘वहिनी, मैदानावर नुसतं उभं राहिलं तर चालतं का?’’ घरात सगळे मला वहिनी म्हणायचे म्हणून तोही म्हणायचा. माझं नावच वहिनी आहे अशी त्याची बरेच दिवस समजूत होती.

त्याने पाळलेलं पथ्य मी पाहिलेलं आहे म्हणून मला एवढी चीड येते. पायात खेळ असलेला तो माणूस सरावाला जायचा आणि रेषेबाहेर बसून राहायचा. बॉल घरंगळत जवळ आला तर हाताने उचलून परत द्यायचा. स्वतःची तयारी म्हणून पहाटे रंकाळा तलावाभोवती एकटाच धावायचा. पोरं म्हणायची, दोन पास मारून जा की, कोण बघतंय? तो हसायचा आणि मान हलवायचा. वाढत्या वयाची त्याला फार काळजी होती. आणखी दोन-तीन हंगाम पायात आहेत, म्हणायचा, आणि नंतर मुलांना शिकवायचं आहे. करारात आम्ही तेच लिहिलं होतं. तीन हंगाम, खेळाडू आणि प्रशिक्षक. तालमीची कागदपत्रं निघता निघेनात. नोंदणीचा दाखला कुणाच्या तरी माळ्यावर सापडला, हिशेब तपासून घेतले, सह्या झाल्या. फाईल तयार झाली. त्याचं परतीचं तिकीट निघालं. तो जाणार, अर्ज करणार आणि हक्काने परत येणार, असं सगळं अगदी सरळ दिसत होतं.

माझे दीर अडाणी नाहीत, हेही सांगायला पाहिजे. त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे, जर्मनीत कामाला. त्याच्या व्हिसाची फाईल मुंबईत पडून होती तेव्हा आमच्या घरात केवढी गुप्तता होती! कुणाला बोलायचं नाही, फोटो टाकायचा नाही, ऑफिसात राजीनाम्याचं तोंडातून काढायचं नाही. शिक्का बसेपर्यंत चकार शब्द नाही. कुरुंदवाडच्या आत्याबाईंना पोरगा तिकडे उतरल्यावर कळवलं, त्या अजून आमच्याशी धड बोलत नाहीत. म्हणजे व्हिसा ही काय चीज असते आणि तो हातात येईपर्यंत तोंड कसं मिटून ठेवायचं असतं, हे या माणसाला पुरेपूर ठाऊक होतं. पण ते स्वतःच्या पोराच्या बाबतीत.

हंगामाच्या सुरुवातीला संघाचा किट वाटपाचा कार्यक्रम असतो. तो त्याच्या जाण्याच्या आदल्याच आठवड्यात आला. मी दिरांना बजावलं, ‘‘भावजी, त्याला मंडपात बसू द्या, पण स्टेजवर बोलवू नका. त्याचं नाव घेऊ नका. तो अजून तुमचा खेळाडू नाही.’’

‘‘न्हाय ओ वहिनी, मला काय कळत न्हाय व्हय?’’ असं म्हणाले. माझ्या गळ्यावर हात ठेवून सांगते, असंच म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी कॉलेजातून परत येत होते आणि चौकात फ्लेक्स दिसला. पुरुषभर उंच. मधोमध तो. ‘आमच्या संघाचा नवा परदेशी व्यावसायिक खेळाडू, हार्दिक स्वागत!’ फोटो ओळखीचा वाटला म्हणून जवळ जाऊन बघितलं, तर तो माझ्याच घरातला होता. आमच्याकडे जेवताना काढलेला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. ताट कापून टाकलं होतं आणि हातातली भाकरी तेवढी राहिली होती. खाली स्वागतोत्सुक म्हणून गॉगल घातलेले तीस-चाळीस चेहरे. तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच दिरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. घरी येऊन बघते तर तो कार्यक्रमाला गेलेला. मी तशीच मैदानाकडे निघाले.

बायकांच्या खुर्च्या मागे असतात. मी पोचले तेव्हा हलगी थांबली होती आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जात होतं. तो जागेवरून उठला नव्हता. दोन्ही हात हलवून नाही म्हणत होता. आता आमच्याकडची रीत अशी आहे की सत्काराला बोलावलं आणि माणूस टुणकन उठून गेला तर त्याला हावरट म्हणतात. माणसाने आधी नको म्हणायचं असतं. मग चौघांनी दंडाला धरून त्याला वर न्यायचं असतं. जेवणातही तेच. नको म्हणणाऱ्याच्या ताटात दोन घास जास्तच वाढायचे, हा आमचा जिव्हाळा. तो जितका नको म्हणत होता तितका तो यांना खानदानी वाटत होता. चौघांनी त्याला धरून वर नेलं.

मी खुर्च्यांमधून वाट काढत ओरडत होते, भावजी, नको, खाली घ्या त्याला. शेजारची बाई म्हणाली, ‘‘आवं राहू द्या की, लाजतंय ते. काय हुतंय एका फेट्यानं!’’

स्टेजवर त्याने शेवटचा उपाय केला. त्याला वाटलं असणार, इंग्रजीत सांगतो म्हणून यांना कळत नाही. त्याने निवेदकाच्या हातातला माईक मागून घेतला आणि आमच्या घरात राहून शिकलेल्या मराठीत सांगितलं, ‘‘नको. फेटा नको. पाकीट नको. माझा व्हिसा न्हाय. नको की ओ.’’

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी! काय शिट्ट्या, काय आरोळ्या! घानाचा माणूस आणि ‘नको की ओ’! नाद खुळा, नाद खुळा म्हणून पोरं खुर्च्यांवर चढली. हलगी परत सुरू झाली. त्या गदारोळात त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळला गेला, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आणि पाकीट कोंबलं गेलं. आणि निवेदकाने, कुणी सांगितलं होतं त्याला देव जाणे, घसा ताणून जाहीर केलं की आपल्या खेळाडूला मानधनाचा पहिला हप्ता देण्यात येत आहे. कसलं मानधन आणि कसला हप्ता? पाकिटात सत्काराला घालतात तेवढं होतं. पण वाक्य भारदस्त वाटलं म्हणून ठोकून दिलं. हे सगळं मोबाईलवर लाइव्ह चालू होतं.

घरी आल्यावर त्याने पाकीट न उघडता माझ्या हातात दिलं. फेटा कसा सोडायचा ते त्याला कळत नव्हतं. मी सोडवून दिला. मग दिरांना जे जे सुचलं ते सगळं बोलले. ते म्हणाले, ‘‘वहिनी, लोकांचं प्रेम हाय ओ. प्रेमाला काय कायदा असतोय?’’

असतो. दोनच दिवसांनी पोलिसांच्या परदेशी नागरिक कक्षातून फोन आला. कुणीतरी तक्रार केली होती, फ्लेक्सचा फोटो आणि व्हिडिओ जोडून. दिरांनी लगेच बाह्या सरसावल्या, हे पलीकडच्या पेठेचं काम, बघतोच आता एकेकाला. तक्रार कुणी केली ते मला माहीत नाही आणि मला त्याचं घेणंदेणंही नाही. पुरावा तर आपणच छापून चौकात टांगला होता, उजेडात दिसावा म्हणून त्यावर दिवेही सोडले होते.

कक्षातले साहेब सभ्य होते. उद्धटपणे वागले असते तर मला भांडता तरी आलं असतं. ‘‘बसा मॅडम. पावणं, तुमीबी बसा,’’ म्हणाले, चहा मागवला. मग मोबाईल टेबलावर ठेवून व्हिडिओ लावला. मी फाईल पुढे केली, करार दाखवला, तिकीट दाखवलं, तो एकही सामना खेळलेला नाही हे सांगितलं. पर्समधून ते पाकीट काढलं, न उघडलेलं, आणि सांगितलं की त्याने त्याच दिवशी मला परत दिलं होतं.

साहेबांनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाले, ‘‘मॅडम, माझा तुमच्यावर इस्वास हाय. खरं व्हिडिओत तो घेताना दिसतोय, परत देताना दिसत न्हाय.’’

मग त्याला विचारलं, पैसे घेतलेस का? मी मध्ये बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘माझ्या हातात होते. सगळे बघत होते. फेकून दिले असते तर त्यांचा अपमान झाला असता.’’

हे ऐकून मला रडू आलं आणि मग रडू आल्याचा राग आला. स्वतःचं सगळं पणाला लागलेलं असताना या माणसाने आमचा मान राखला होता. आम्ही त्याचा साधा नकार राखू शकलो नाही.

देश सोडण्याची नोटीस निघाली. तो तसाही जाणार होता, फक्त आता घालवून दिलेला म्हणून गेला. जाताना शेरा सोबत गेला. आम्ही तरी आशा सोडली नव्हती. त्याने तिकडे अर्ज केला, मी खुलाशाचं लांबलचक पत्र लिहिलं, संस्थेच्या लेटरहेडवर सह्या घेतल्या. दिरांनी सही ठोकली आणि पत्रात काय लिहिलं आहे ते विचारलंही नाही.

परवा त्याचा फोन आला. अर्ज नाकारला होता. आधीच्या भेटीत व्हिसाची अट मोडली, एवढंच कारण. शाळेने त्याच्या जागी दुसरा शिक्षक घेतला होता. दुसऱ्या एका देशातल्या क्लबाशी बोलणं चाललं होतं, त्यांच्या अर्जातही प्रश्न आहे, तुम्हाला कधी कुठून परत पाठवलं होतं का, आणि खोटं लिहिणार नाही म्हणाला. आवाज नेहमीसारखाच शांत होता. पोरांना नमस्कार सांगा, म्हणाला. मी फोन ठेवला आणि चपला घालून थेट तालमीच्या कट्ट्यावर गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या कट्ट्यावर मी कधी थांबलेली नाही. त्या दिवशी थांबले.

दीर होते, चार कार्यकर्ते होते. मी सगळं सांगितलं. व्हिसा नाकारला, शाळा गेली, आता दुसरीकडेही दार लागत चाललंय. त्यांना वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. एकाने तर डोळे पुसले. मग दीर म्हणाले, ‘‘वाईटच झालं. खरं वहिनी, एक सांगू का, त्याचंबी चुकलंच की. नको असंल तर तोंड उघडून सांगायचं हुतं त्यानं. आमी काय ऐकलं नसतं?’’

मी मोबाईल काढला, तो व्हिडिओ शोधला, आवाज पूर्ण वाढवला आणि त्यांच्यासमोर धरला. हलगी थांबली. त्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ. फेटा नको. पाकीट नको. माझा व्हिसा न्हाय. नको की ओ.

कट्ट्यावरचे सगळे चेहरे उजळले. ‘‘बघा की,’’ दीर म्हणाले, ‘‘कसं ग्वाड बोलायचा.’’